नामाला उलगडणारे वाक्य

‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड एव्हरीवन’ आणि ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड एव्हरीवन’ ही दोन इंग्रजी वाक्ये जुळ्या भावांसारखी दिसतात. दोन्हींत ‘न्यूज’ हे नाम आहे, त्याला लागून ‘दॅट’ आहे, पुढे कर्ता आणि क्रियापद आहे. मराठीत आणताच मात्र त्यांचे चेहरे वेगळे होतात. पहिल्याचे होते ‘त्याने राजीनामा दिल्याच्या बातमीने सगळ्यांना धक्का बसला’. दुसऱ्याचे होते ‘त्याने आणलेल्या बातमीने सगळ्यांना धक्का बसला’. पहिल्यात बातमी काय होती ते कळते. दुसऱ्यात ती कोणी आणली एवढेच कळते, बातमी गुलदस्त्यातच राहते.

पहिल्या वाक्यातील ‘दॅट ही हॅड रिझाइन्ड’ या तुकड्याला इंग्रजी व्याकरणात अपॉझिटिव्ह क्लॉज म्हणतात. मराठी व्याकरणाच्या भाषेत ते समानाधिकरण नामवाक्य. ‘माझा भाऊ दिनू’ म्हणताना ‘भाऊ’ आणि ‘दिनू’ ही एकाच माणसाची दोन नावे शेजारी बसतात, तशीच येथे ‘बातमी’ आणि ‘त्याने राजीनामा दिला’ ही एकाच गोष्टीची दोन रूपे शेजारी बसली आहेत: एक शब्दाचे, दुसरे अख्ख्या वाक्याचे. दुसऱ्या उदाहरणातील ‘दॅट ही ब्रॉट’ हे विशेषणवाक्य आहे. ते बातमीचा मजकूर सांगत नाही, अनेक बातम्यांतून एक वेगळी काढून दाखवते.

दोन ‘दॅट’

सगळा घोटाळा ‘दॅट’ या एका शब्दामुळे होतो. विशेषणवाक्यातील ‘दॅट’ हे संबंधी सर्वनाम आहे, म्हणजे त्याला वाक्यात स्वतःची जागा असते. ‘दॅट’ झाकून उरलेले वाचले तर ‘ही ब्रॉट’ एवढेच उरते आणि ‘काय आणले?’ हा प्रश्न लटकत राहतो, कारण कर्माची जागा ‘दॅट’नेच भरली होती. समानाधिकरण वाक्यातील ‘दॅट’ झाकले तर ‘ही हॅड रिझाइन्ड’ हे धडधाकट वाक्य शिल्लक राहते. तेथील ‘दॅट’ नुसते उभयान्वयी अव्यय आहे. शाळेच्या व्याकरणात ‘की’, ‘म्हणून’ आणि ‘म्हणजे’ यांना स्वरूपबोधक अव्यये म्हणतात. हे ‘दॅट’ त्यांच्याच जातीचे. आधी आलेल्या नामाचे स्वरूप काय, एवढेच सांगायचे आणि बाजूला व्हायचे हे त्याचे काम.

या फरकातूनच ओळखण्याच्या बाकीच्या खुणा निघतात. विशेषणवाक्यात ‘दॅट’च्या जागी ‘विच’ चालते: ‘द न्यूज विच ही ब्रॉट’. समानाधिकरण वाक्यात ते चालत नाही. ‘द न्यूज विच ही हॅड रिझाइन्ड’ हे इंग्रजीच नव्हे. विशेषणवाक्यात ‘दॅट’ कर्माच्या जागी असेल तर सर्रास गाळले जाते: ‘द न्यूज ही ब्रॉट’. समानाधिकरण वाक्यात ते बोलण्याच्या ओघात कधी गळते, पण लिहिताना ठेवणे शहाणपणाचे. तिसरी खूण म्हणजे नाम आणि वाक्य यांच्यामध्ये ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पाहणे. ‘द न्यूज वॉज दॅट ही हॅड रिझाइन्ड’ हे उत्तम बसते. ‘द न्यूज वॉज दॅट ही ब्रॉट’ कोसळते.

मराठी वाचकाला याहून सोपी कसोटी घरचीच आहे. मराठीत विशेषणवाक्याला जो–तो ही जोडी लागते आणि समानाधिकरण वाक्याला ती कधीच लागत नाही. ‘जी बातमी त्याने आणली ती’ असे म्हणता येते. ‘जी बातमी त्याने राजीनामा दिला ती’ असे कोणी म्हणणार नाही. उलट ‘त्याने राजीनामा दिला ही बातमी’ सहज म्हणता येते, पण ‘त्याने आणली ही बातमी’ म्हटले की वाक्याचा सूरच पालटतो. इंग्रजी तुकडा ‘जो–तो’मध्ये बसला तर विशेषणवाक्य, ‘ही बातमी’, ‘अशी बातमी, की’ किंवा ‘–ल्याची बातमी’ यांत बसला तर समानाधिकरण. मराठी वृत्तपत्रे तर या तिसऱ्या रूपावर पोसलेली आहेत. मुसळधार पाऊस पडणार असल्याचा अंदाज, निधी वळवल्याचा आरोप, चर्चा सुरू असल्याची माहिती: यांतले प्रत्येक ‘–ल्याचा’ आणि ‘–ल्याची’ इंग्रजीत जाताना समानाधिकरण ‘दॅट’ होऊन जाते.

कधी एकच इंग्रजी वाक्य दोन्हीकडे झुकते, आणि तेव्हा ही कसोटी खरी उपयोगी पडते. ‘द मेसेज दॅट शी लेफ्ट रीच्ड हर ब्रदर लेट’ हे वाक्य घ्यावे. ‘लेफ्ट’ या क्रियापदाला कर्म घेता येते आणि कर्मावाचूनही ते चालते. ‘ठेवून जाणे’ आणि ‘निघून जाणे’ असे त्याचे दोन अर्थ आहेत. त्यामुळे ‘तिने ठेवलेला निरोप भावाला उशिरा मिळाला’ हाही अर्थ होतो आणि ‘ती निघाल्याचा निरोप भावाला उशिरा मिळाला’ हाही. पहिल्या अर्थात निरोपात काय लिहिले होते ते कळत नाही, दुसऱ्यात तेवढेच तर कळते. इंग्रजी बोलणारा माणूस हा घोळ संदर्भाने सोडवतो, कधी ‘शी हॅड लेफ्ट फॉर पुणे’ असे जास्तीचे शब्द घालून टाळतो. मराठीत घोळ मुळात उद्‌भवतच नाही, कारण ‘ठेवलेला’ आणि ‘निघाल्याचा’ ही रूपेच निराळी आहेत.

कोणती नामे हे वाक्य घेतात

टेबल, नदी, शेजारी या नामांना समानाधिकरण वाक्य जोडता येत नाही. ‘द टेबल दॅट’ ऐकले की पुढे विशेषणवाक्यच येणार हे नक्की. ज्या नामाच्या पोटात एखादे विधान मावते, म्हणजे जे सांगता, मानता, कळवता किंवा नाकारता येते, त्यालाच हे वाक्य लागते. फॅक्ट, न्यूज, आयडिया, बिलीफ, होप, फिअर, क्लेम, र्‍यूमर, प्रॉमिस, पॉसिबिलिटी, कन्क्लूजन, वॉर्निंग, इम्प्रेशन ही नेहमी भेटणारी काही नामे. यांतली बरीचशी क्रियापदांपासून किंवा विशेषणांपासून आलेली आहेत. ‘बिलीव्ह दॅट’ म्हणता येते म्हणून ‘द बिलीफ दॅट’ म्हणता येते. ‘इट इज पॉसिबल दॅट’वरून ‘द पॉसिबिलिटी दॅट’. ‘फॅक्ट’ आणि ‘न्यूज’ यांच्यामागे आज असे कोणते क्रियापद उभे नाही, तरी ही दोन्ही नामे वापरात नेहमीची आहेत.

नाम निवडले की लिहिणाऱ्याने बाजूही निवडलेली असते. ‘द फॅक्ट दॅट ही टुक द मनी’ म्हणणाऱ्याने पैसे घेतल्याचे मान्य करून टाकले. ‘द क्लेम दॅट’ म्हणणाऱ्याने जबाबदारी दुसऱ्यावर ठेवली, ‘द अ‍ॅलिगेशन दॅट’ म्हणणाऱ्याने प्रकरण कोर्टाच्या दारात नेले. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषावैज्ञानिकांनी 1970 साली ‘फॅक्ट’ याच नावाचा निबंध लिहून दाखवले, की काही क्रियापदे पुढचे विधान खरे धरूनच चालतात आणि काही तसे धरत नाहीत. पहिल्या गटाला ‘द फॅक्ट दॅट’ चालते: ‘आय रिग्रेट द फॅक्ट दॅट आय लेफ्ट’. दुसऱ्या गटाला चालत नाही: ‘आय बिलीव्ह द फॅक्ट दॅट ही लेफ्ट’ हे इंग्रजी कानाला खुपते. शिकणाऱ्याने ‘फॅक्ट’ हे सगळीकडे लावायचे मोघम नाम समजू नये, ते कारण हेच.

विधानाऐवजी प्रश्न पोटात असेल तर ‘दॅट’ जाऊन ‘व्हेदर’ येते. ‘धरण सुरक्षित आहे का हा प्रश्न’ म्हणजे ‘द क्वेश्चन व्हेदर द डॅम इज सेफ’, किंवा मध्ये ‘ऑफ’ घालून ‘द क्वेश्चन ऑफ व्हेदर’. मराठीतल्या ‘हा प्रश्न, की’ या वळणामुळे आपल्याकडे ‘द क्वेश्चन दॅट व्हेदर’ असे लिहिले जाते. त्यात दोन दोर एकाच गाठीत आले. एक काढलाच पाहिजे. ‘डाउट’ या नामाला दोन्ही रूपे आहेत, पण अर्थ पाहून: शंका शिल्लक असेल तर ‘देअर इज सम डाउट व्हेदर’, आणि शंका नसेल तर ‘देअर इज नो डाउट दॅट’. ‘अशी बातमी, की’ या वळणाचाही असाच एक ठसा उमटतो: ‘सच न्यूज दॅट’ किंवा ‘धिस न्यूज दॅट’. इंग्रजीला येथे साधे ‘द’ पुरते.

‘–ण्याचा’ला तीन दारे

आतापर्यंत मराठी जास्त नेमकी होती आणि इंग्रजी संदिग्ध. पुढच्या टप्प्यावर पारडे फिरते. ‘गिरणी बंद करण्याचा निर्णय’, ‘पहाटे उठण्याची सवय’, ‘सामना जिंकण्याची आशा’ या तिन्हींत मराठी एकच ‘–ण्याचा, –ण्याची’ वापरते. इंग्रजीत समानाधिकरण वाक्य पूर्ण क्रियापदाचेच असावे असा नियम नाही. ते ‘टू’चे असू शकते, ‘ऑफ’ आणि ‘–इंग’चेही असू शकते, आणि कोणते चालेल ते नाम ठरवते. निर्णयाला ‘टू’ लागतो: ‘द डिसिजन टू क्लोज द मिल’. सवयीला ‘ऑफ’: ‘द हॅबिट ऑफ गेटिंग अप अर्ली’. आशेला ‘ऑफ’ किंवा पूर्ण वाक्य: ‘द होप ऑफ विनिंग’, ‘द होप दॅट दे वुड विन’. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत ‘द हॅबिट टू गेट अप अर्ली’ आणि ‘द पॉसिबिलिटी टू विन’ ही रूपे हमखास सापडतात, कारण त्याच्या कानात तिन्हीकडे एकच प्रत्यय वाजत असतो.

यावर एक बरा आडाखा आहे. नामाच्या मागचे क्रियापद किंवा विशेषण ‘टू’ घेत असेल तर नामही बहुधा ‘टू’ घेते: डिसाइड टू, म्हणून डिसिजन टू, रिफ्यूज टू, म्हणून रिफ्यूजल टू, एबल टू, म्हणून अ‍ॅबिलिटी टू. प्रॉमिस, अटेम्प्ट, प्लॅन, फेल्युअर, पर्मिशन ही याच रांगेतली. आडाखा फसतो तो नेमका रोजच्या शब्दांत. ‘आय होप टू विन’ म्हणतात, पण नाम झाले की ‘द होप ऑफ विनिंग’. ‘पॉसिबल टू’ आहे, पण ‘पॉसिबिलिटी ऑफ’. अशा जोड्या शब्दकोशातल्या उदाहरणवाक्यांतून उचलाव्या लागतात, नियमातून निघत नाहीत. ‘चान्स’ तर अर्थ बदलून दोन्हीकडे जातो: ‘अ चान्स टू विन’ म्हणजे जिंकण्याची संधी, ‘अ चान्स ऑफ विनिंग’ म्हणजे जिंकण्याची शक्यता. संधी पंचांनी दिलेली असते, शक्यता आपण मोजायची असते.

‘टू’ दिसला की तो समानाधिकरणच असेही नाही. ‘अ बुक टू रीड’मधला ‘टू रीड’ हा विशेषणाचा प्रकार आहे. पुस्तक हे ‘रीड’चे कर्म आहे. ‘अ डिसिजन टू रीड’मध्ये निर्णय वाचला जात नाही, वाचणे हाच निर्णय आहे. ‘वाचायला पुस्तक’ आणि ‘वाचण्याचा निर्णय’ ही मराठी रूपे समोर ठेवली की येथेही वाटा चटकन वेगळ्या होतात.

मागणी, सूचना आणि विध्यर्थ

‘द डिमांड दॅट द मिनिस्टर रिझाइन’ हे वाचून अनेक विद्यार्थी ‘रिझाइन’ला ‘एस’ लावून टाकतात आणि आपण छापखान्याची चूक सुधारली असे त्यांना वाटते. चूक छापखान्याची नसते. मागणी, सूचना, शिफारस, आग्रह, आदेश अशा अर्थाच्या नामांनंतर इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप वापरते, कर्ता एकवचनी असो की अनेकवचनी, काळ कोणताही असो. ही लकब अमेरिकी इंग्रजीत पक्की आहे; ब्रिटिश लेखणी बऱ्याचदा ‘शुड रिझाइन’ लिहिते. दोन्ही शुद्ध.

हे रूप कोठे वापरायचे याचा निर्णय मराठीत आपोआप होतो. ‘मंत्र्यांनी राजीनामा द्यावा ही मागणी’, ‘रस्ता रुंद करावा ही सूचना’: जेथे मराठीत ‘–आवा’ येतो तेथे इंग्रजीत मूळ रूप किंवा ‘शुड’. ‘इन्सिस्टन्स’ या एका नामावर ही गोष्ट लख्ख दिसते. ‘हिज इन्सिस्टन्स दॅट शी वॉज प्रेझेंट’ म्हणजे ती हजर होती असे त्याचे ठाम म्हणणे. ‘हिज इन्सिस्टन्स दॅट शी बी प्रेझेंट’ म्हणजे तिने हजर राहावे हा त्याचा आग्रह. एका साक्षीदाराची हजेरी सिद्ध करायची आहे की तिला बोलावून घ्यायचे आहे, हे ‘वॉज’ आणि ‘बी’ एवढ्यावर ठरते.

‘द फॅक्ट दॅट’: पूल आणि पसारा

इंग्रजीतल्या बहुतेक प्रिपोझिशन्सना ‘दॅट’चे वाक्य थेट पेलत नाही. ‘तो आजारी असूनही’ यासाठी ‘डिस्पाइट दॅट ही वॉज इल’ म्हणता येत नाही. मग मध्ये एक नाम पुलासारखे टाकतात: ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट ही वॉज इल’. प्रिपोझिशनला नाम मिळाले, नामाला समानाधिकरण वाक्य मिळाले, काम झाले. ‘बिकॉज ऑफ द फॅक्ट दॅट’, ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’, ‘अपार्ट फ्रॉम द फॅक्ट दॅट’ ही सगळी याच सोयीची अपत्ये.

सोय पुढे सवय झाली. कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली आपल्या छोट्या लेखनपुस्तिकेत या शब्दांवर कडक हल्ला केला आणि दिसेल तेथून ते काढून टाकण्याचा सल्ला दिला. ई. बी. व्हाइट यांनी वाढवलेली तिची आवृत्ती 1959 मध्ये ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या नावानेच निघाली आणि तो सल्ला अमेरिकेतल्या वर्गावर्गांत पोचला. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’च्या जागी ‘बिकॉज’ आणि ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’च्या जागी ‘ऑलदो’ लिहिले तर अर्थात काहीच घट होत नाही, हे खरेच. सरसकट बंदी मात्र अतिरेकी वाटते. ‘द फॅक्ट दॅट ही वॉज इल वॉज नोन टू द कमिटी’ या वाक्यात कर्त्याच्या जागी नुसते ‘दॅट ही वॉज इल’ ठेवले तर ते शुद्ध राहते, पण वाचणाऱ्याला अडखळवते. वाक्याच्या तोंडी आलेले ‘दॅट’ आधी ‘ते’ या अर्थाने वाचले जाते. तेथे ‘द फॅक्ट’ आपले भाडे वसूल करून देते.

काळ, वचन, स्वल्पविराम

मराठी नामवाक्य बोलणाऱ्याचा मूळ काळ जपते. ‘पूल बंद राहणार आहे अशी बातमी आली’ यात ‘आली’ भूतकाळी असूनही आतले ‘राहणार आहे’ हलत नाही. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असले की आतलेही बहुधा मागे सरकते: ‘न्यूज केम दॅट द ब्रिज वुड बी क्लोज्ड’. सर्वकाळ खरी असणारी गोष्ट असेल तर सरकवण्याची सक्ती नाही.

याच वाक्यात आणखी एक गोष्ट घडली आहे. ‘दॅट’चे वाक्य आपल्या नामापासून तुटून शेवटी गेले आणि मध्ये ‘केम’ आले. मुख्य क्रियापद आखूड आणि समानाधिकरण वाक्य लांब असले की इंग्रजी हे नेहमी करते: ‘र्‍यूमर्स स्प्रेड दॅट द बँक वुड क्लोज’. मराठीत ‘अशी अफवा पसरली, की बँक बंद होणार’ हे वळण तंतोतंत असेच आहे, त्यामुळे येथे शिकणाऱ्याला काही त्रास होत नाही. वाचताना तेवढे ‘दॅट’चे नाम शोधायला एक-दोन शब्द मागे जावे लागते.

नाम जवळ नसल्याचा खरा फटका वचनाला बसतो. ‘द फॅक्ट दॅट द रोड्स आर बॅड इज नोन टू ऑल’ यात ‘इज’चा कर्ता ‘फॅक्ट’ आहे, शेजारचे ‘रोड्स’ नव्हे. आतले वाक्य कितीही लांबले आणि त्यात कितीही अनेकवचने आली तरी बाहेरचे क्रियापद आपल्या नामाशीच इमान राखते.

स्वल्पविरामाबद्दल शाळेत शिकवलेला ‘दॅटच्या आधी स्वल्पविराम नको’ हा नियम येथे अपुरा पडतो. नाम आधीच पुरते ओळखीचे झाले असेल आणि वाक्य केवळ उलगडा म्हणून जोडले असेल, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतो आणि ‘दॅट’ही राहते: ‘हिज फर्स्ट आर्ग्युमेंट, दॅट द रोड वॉज टू नॅरो, कन्व्हिन्स्ड द जज’. पहिला मुद्दा एकच असतो. तो कोणता हे ठरवायला वाक्याची गरज नव्हती, तो काय होता हे सांगायला होती. या जागी विशेषणवाक्य असते तर स्वल्पविरामानंतर ‘विच’ आले असते: ‘हिज फर्स्ट आर्ग्युमेंट, विच ही हॅड बॉरोड फ्रॉम अ फ्रेंड, कन्व्हिन्स्ड द जज’. म्हणजे स्वल्पविराम असतील तेव्हा दोन्ही वाक्यप्रकार शब्दावरूनच वेगळे ओळखू येतात.

व्याकरणकारांचा वाद

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना हा विषय भेटला तो रेन आणि मार्टिन यांच्या शालेय व्याकरणातून. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखकही तेच. त्या पुस्तकात नामवाक्याच्या कामांची यादी आहे: कर्ता, कर्म, पूरक, प्रिपोझिशनचे कर्म, आणि नामाशी किंवा सर्वनामाशी समानाधिकरण. सर्वनामाशी म्हणजे ‘इट इज सर्टन दॅट ही विल कम’ या धर्तीच्या वाक्यातील ‘इट’शी. आजचे व्याकरण या शेवटच्या प्रकाराला समानाधिकरण मानत नाही. लांब कर्ता शेवटी नेऊन त्याच्या जागी ‘इट’ हा राखणदार बसवला आहे, असे ते म्हणते.

नामाच्या बाबतीतही एकमत नाही. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी अशा वाक्यांना ‘कंटेंट क्लॉज’, म्हणजे आशय सांगणारे वाक्य, म्हटले. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणाने ‘अपॉझिटिव्ह क्लॉज’ ही संज्ञा कायम ठेवली. हडल्स्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या केंब्रिज व्याकरणाने येस्पर्सन यांचा शब्द उचलला आणि हे वाक्य नामाचे समानाधिकरण नसून पूरक आहे अशी मांडणी केली. एक कारण साधे आहे. खरे समानाधिकरण असेल तर नाम काढून त्याच्या जागी वाक्य बसले पाहिजे. ‘ही मेड द सजेशन दॅट वुई वेट’मधून ‘द सजेशन’ काढून पाहिले तर ‘ही मेड दॅट वुई वेट’ उरते, आणि ते वाक्यच नाही.

या वादात मराठीची साक्ष काढण्यासारखी आहे. ‘एव्हिडन्स’ हे नाम घ्यावे. ‘द एव्हिडन्स दॅट ही स्टोल द रिंग’ म्हणजे ‘त्याने अंगठी चोरल्याचा पुरावा’. पण ‘त्याने अंगठी चोरली हा पुरावा’ म्हटले की अर्थ उलटतो: आता चोरी हाच दुसऱ्या कशाचा तरी पुरावा झाला. पुरावा म्हणजे बोटांचे ठसे, गहाणवटीची पावती. चोरी हे त्यावरून काढलेले अनुमान. ‘पाऊस येणार असल्याची चिन्हे’ चालते, ‘पाऊस येणार ही चिन्हे’ चालत नाही. बातमी, अफवा, कल्पना, भीती यांना ‘ही’ आणि ‘–ल्याची’ दोन्ही लागतात. पुरावा, चिन्ह, खूण यांना फक्त ‘–ल्याचा’. इंग्रजीत दोन्ही गटांना एकच ‘दॅट’ आहे, पण ‘इज’ची कसोटी तेथेही हीच फट दाखवते: ‘द र्‍यूमर इज दॅट ही स्टोल इट’ ठीक, ‘द एव्हिडन्स इज दॅट ही स्टोल इट’ डळमळीत. तेव्हा समानाधिकरण ही संज्ञा पहिल्या गटाला चपखल आहे आणि दुसऱ्याला पूरक म्हणणे अधिक रास्त. शिकणाऱ्याला दोन्हींची रचना सारखीच हाताळता येते.

एक मर्यादा मात्र दोन्ही गटांना सारखीच जाचते. जॉन रॉबर्ट रॉस यांनी 1967 साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात दाखवले, की नामाला जोडलेल्या वाक्याच्या आतली वस्तू प्रश्नवाचक करून इंग्रजी वाक्याच्या तोंडी आणता येत नाही. ‘यू हर्ड द र्‍यूमर दॅट ही स्टोल अ रिंग’ यातल्या अंगठीबद्दल विचारायचे तर ‘व्हॉट डिड यू हिअर द र्‍यूमर दॅट ही स्टोल?’ असे म्हणता येत नाही. मराठीत प्रश्नशब्द जागचा हलत नसल्यामुळे ‘त्याने काय चोरल्याची अफवा ऐकलीस?’ हा प्रश्न सहज खपून जातो आणि त्याचेच शब्दशः इंग्रजी करण्याचा मोह होतो. इंग्रजीत नाम वगळून ‘व्हॉट डिड यू हिअर दॅट ही स्टोल?’ असे विचारावे, किंवा अफवेचा उल्लेख हवाच असेल तर प्रश्न दोन वाक्यांत फोडावा: ‘यू हर्ड द र्‍यूमर. व्हॉट इज ही सपोज्ड टू हॅव स्टोलन?’